हजर असलेले आणि मत देणारे

२० फेब्रुवारी २०२० च्या रात्री लिओ वराडकर यांनी आयर्लंडच्या पंतप्रधानपदाचा राजीनामा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला आणि त्यानंतर चार महिने तेच पंतप्रधान राहिले. त्या दिवशी नव्या डॉलची, म्हणजे आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, पहिली बैठक होती. १६० जणांच्या सभागृहात चार नेत्यांची नावे मताला टाकली गेली, चारही पडली. वराडकरांना ३६ मते मिळाली, विरोधात १०७ गेली. आयरिश राज्यघटनेच्या २८ व्या कलमात अशा वेळेची सोय आहे: टीशॉकने, म्हणजे पंतप्रधानाने, राजीनामा दिला की सगळ्या मंत्र्यांनीही दिला असे समजायचे, पण नवे येईपर्यंत काम जुन्यांनीच करायचे. ही सोय फार तर काही आठवड्यांसाठी असावी अशीच घटनाकारांची कल्पना असणार. नऊ दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला.

वराडकरांचे वडिलांकडचे गाव मालवण तालुक्यातले वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर ते तिथे येऊन गेले, हे मराठी वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापले आहे की इथे एका ओळीत आटोपलेले बरे. साथीतली संसद या विषयाला त्यांची दुसरी ओळख जास्त उपयोगाची आहे. ते शिकलेले डॉक्टर. राजकारणात आल्यावर वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचे नाव गेले होते. मार्च २०२० मध्ये त्यांनी ते पुन्हा घालून घेतले आणि आठवड्यातला थोडा वेळ फोनवरून रुग्ण तपासायला देऊ केला. याचे कौतुक झाले, नाटक म्हणून टिंगलही झाली. मात्र डॉलमध्ये उत्तरे देताना या शिक्षणाचा त्यांना फायदा झाला. चाचणी, संसर्गाचा वेग, अतिदक्षता खाटा हे शब्द त्यांच्या तोंडी उसने वाटत नसत.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. १२ मार्चला वॉशिंग्टनहून शाळाबंदीची घोषणा झाली आणि २७ मार्चला घरीच राहण्याचा हुकूम निघाला. मधल्या दोन आठवड्यांत दोन आणीबाणी कायदे घाईघाईने संमत झाले. दुसऱ्यात भाडेवाढीला आणि भाडेकरूंना घराबाहेर काढण्याला मनाई होती. काम गेलेल्यांसाठी आठवड्याला २०३ युरोंचा भत्ता आधी जाहीर झाला होता, तो काही दिवसांतच ३५० वर नेला गेला.

त्यानंतर कायदे करणेच थांबले. कारण साथ नव्हती, गणित होते. वरिष्ठ सभागृहात, शॅनडमध्ये, ६० जण असतात. त्यांतले ४९ निवडून येतात, उरलेले ११ टीशॉक नेमतो, आणि घटनेनुसार तो नव्या डॉलने नेमलेला टीशॉक असावा लागतो. मार्चअखेर ४९ जणांची निवडणूक झाली, पण नवा टीशॉक नाही म्हणून ११ नाहीत, ११ नाहीत म्हणून शॅनड नाही आणि शॅनड नाही म्हणून कायदा नाही. अशा रीतीने एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत देशाला डॉल होती, सरकार होते, पण एक ओळीचा कायदाही करता येत नव्हता. संसदेच्या हाती उरले ते एकच काम, प्रश्न विचारणे. राजीनामा दिलेला टीशॉक उत्तरे देतो आणि त्याला खाली खेचताही येत नाही, कारण तो आधीच पडलेला. हरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा जाब विचारण्याची अशी वेळ दुसऱ्या कुठल्या संसदेवर क्वचितच आली असेल.

एरवी डॉलमधला पुढाऱ्यांच्या प्रश्नांचा तास म्हणजे काटेकोर घड्याळ. प्रश्नाला तीन मिनिटे, उत्तराला तीन, पुन्हा एक मिनिट आणि त्याला एक मिनिट. साथीच्या वसंतात ही पद्धत बाजूला ठेवून बहुतेक गुरुवारी बैठक भरू लागली. प्रत्येक पक्षाला किंवा गटाला वेळेचा एक वाटा मिळे, तो भाषणात घालवायचा की प्रश्नोत्तरात, हे ज्याचे त्याने ठरवायचे. व्हायचे ते झाले. अनेकांनी वाट्याचा मोठा भाग बोलण्यातच संपवला आणि उत्तर ‘लेखी कळवू’ यावर गेले. तरी वृद्धाश्रमांबद्दलचे प्रश्न या पद्धतीतही राहून गेले नाहीत, ही तिची जमेची बाजू. मे महिन्यापर्यंतच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक तिथले होते. चाचण्या कधी सुरू झाल्या, संरक्षक पोशाख आधी कोणाला मिळाले, रुग्णालयांतून म्हाताऱ्यांना तिकडे कुणी पाठवले, हे पुन्हा पुन्हा विचारले गेले. आरोग्यमंत्री सायमन हॅरिस आणि वराडकर या दोघांच्या उत्तरांत सर्वांत जास्त अवघडलेपण इथेच दिसते.

हे सारे घडले ते सभागृह मुळात संसदेसाठी बांधलेले नाही. किल्डेअर रस्त्यावरचा लेन्स्टर हाउस हा अठराव्या शतकातल्या एका सरदाराचा वाडा. १८१५ मध्ये तो रॉयल डब्लिन सोसायटीने घेतला आणि १८९७ मध्ये त्याला व्याख्यानांसाठी एक सभागृह जोडले. चढत्या पायऱ्यांच्या, नालाच्या आकाराच्या या खोलीत १९२२ पासून डॉल भरते. व्याख्यान ऐकायला माणसे खांद्याला खांदा लावून बसतात, तशीच ही आसने आहेत. दोन मीटरचे अंतर राखायचे तर १६० पैकी पाऊणशेही बसणार नव्हते. मेमध्ये आणखी एक अट आली: एका खोलीत दोन तासांहून अधिक थांबू नये, असा वैद्यकीय सल्ला. कोविड प्रतिसादावरच्या विशेष समितीला, जिचे अध्यक्ष क्लेअरचे अपक्ष मायकेल मॅक्नमारा होते, साक्षीदारांना दोन तासांत मोकळे करावे लागे. मग हाच नियम कारखान्यांना का नाही, हा प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्त होता.

घरूनच पडद्यावर बैठक का घेतली नाही? अनेक देशांच्या संसदांनी तोच मार्ग धरला. आयर्लंडमध्ये आड आले घटनेचे १५ वे कलम. सभागृहातले निर्णय हजर असलेल्या आणि मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने व्हावेत, असे ते सांगते. सदस्याने सभागृहात काढलेल्या उद्गारांना न्यायालयापासून संरक्षणही तेच देते. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून लॅपटॉपसमोर बोलणारा सदस्य ‘सभागृहात’ आहे का, तो ‘हजर’ आहे का? संसदेच्या कायदा सल्लागारांचे उत्तर नकारार्थी होते.

हा हट्ट किरकोळ वाटू शकतो. पण डॉलच्या इतिहासात हजेरी हा शब्द कधीच किरकोळ नव्हता. २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिली डॉल भरली तेव्हाही जगात साथ होती. स्पॅनिश फ्लूने आयर्लंडमध्ये २०,००० हून अधिक माणसे मारली. दुपारी साडेतीनला सुरू झालेली ती बैठक दोनेक तासांत आटोपली. बहुतेक कामकाज आयरिश भाषेत झाले, आणि त्यातला सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे स्वातंत्र्याची घोषणा नव्हे, हजेरीपट. बेटावरून निवडून आलेल्या सगळ्यांची नावे पुकारली गेली, अगदी स्वातंत्र्याचे कट्टर विरोधक एडवर्ड कार्सन यांचेसुद्धा, आणि तेव्हा सभेत हशा झाला. पण एकामागून एक नावापुढे जे उत्तर आले ते ‘हजर’ नव्हते, ‘गैरहजर’ही नव्हते. ते होते ‘परक्यांच्या कोठडीत’. स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाच्या निवडून आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास ब्रिटिश तुरुंगांत होते.

त्यांतले एक नाव पिअर्स मॅकॅन यांचे. टिपररीतल्या कॅशेलजवळचे सधन शेतकरी, पूर्व टिपररीचे प्रतिनिधी, मे १९१८ च्या धरपकडीत पकडलेले. ६ मार्च १९१९ ला ग्लॉस्टरच्या तुरुंगात फ्लूने त्यांचा बळी घेतला. मृत्यू पावलेले ते डॉलचे पहिले सदस्य. ज्या सभागृहाचे ते सदस्य होते त्यात त्यांनी पाऊलही टाकले नव्हते. हजेरीपटातली ती एक नोंद एवढाच त्यांचा संसदीय इतिहास. साथीच्या काळातल्या संसदेवर लिहिताना मॅकॅन यांचा उल्लेख सहसा कुणी करत नाही, आणि हे चमत्कारिक आहे.

त्याच हजेरीपटात एक खोटी नोंदही आहे. मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड यांच्या नावाला ‘हजर’ असे उत्तर आले. प्रत्यक्षात दोघे इंग्लंडमध्ये होते, लिंकनच्या तुरुंगातून पक्षाचे नेते डी व्हॅलेरा यांना पळवून नेण्याच्या खटपटीत. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्यांच्या वतीने दुसऱ्याच कुणी ‘ओ’ दिली. डॉलच्या पहिल्याच पानावर अशी प्रॉक्सी लागली आहे. पंधरवड्यातच डी व्हॅलेरा सुटले, त्यामुळे या खोटेपणाबद्दल कुणाची तक्रार नाही.

शंभर वर्षांनी मात्र तक्रार झाली. १७ ऑक्टोबर २०१९ ला मतदान चालू असताना फियाना फॉल पक्षाचे टिमी डूली सभागृहात नव्हते, आणि तरी त्यांच्या आसनावरचे बटण सहा वेळा दाबले गेले. ते दाबले शेजारचे नायल कॉलिन्स यांनी. डूली मागे कुठेतरी उभे आहेत असे वाटले, हा त्यांचा खुलासा. दोघांनाही पक्षाच्या पहिल्या बाकावरून उठावे लागले. ‘हजर’ या शब्दाची एवढी शोभा झाल्यावर पाच महिन्यांनी त्याच सभागृहाला ‘पडद्यावर दिसतो म्हणजे हजर’ असे म्हणवेना, यात नवल नाही.

मधला मार्ग निघाला तो विनोदी वाटावा असा आहे. समित्यांच्या बैठका टीम्सवर होऊ लागल्या, पण सदस्याने संसदेच्या आवारातच असले पाहिजे. म्हणजे डोनेगलचा सदस्य अर्धा देश ओलांडून डब्लिनला यायचा, लेन्स्टर हाउसमधल्या आपल्या खोलीत दार लावून बसायचा, आणि त्याच वाड्यात दोन भिंतींपलीकडे चाललेल्या बैठकीत लॅपटॉपवरून बोलायचा. या नियमाची आठवण समितीचे अध्यक्ष प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला करून देत.

जूनमध्ये कोंडी फुटली. राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांच्या कायद्यातल्या काही तरतुदींची मुदत महिनाअखेर संपत होती आणि ती वाढवायला शॅनड हवे होते. निवडून आलेले ४९ पुरेत का, हा प्रश्न काही सिनेटरांनी उच्च न्यायालयात नेला. न्यायालयाचे उत्तर आले: नाही, साठही हवेत. तोवर तीन पक्षांची युती जमून गेली होती. २७ जूनला डॉल लिफी नदीकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरली. तिरक्या काचेच्या पिंपासारखी ही इमारत डब्लिनमध्येच जन्मलेले वास्तुकार केव्हिन रोश यांची, आणि तिच्या मुख्य प्रेक्षागृहात दोन हजार माणसे बसतात. तिथे १६० जण विखरून बसले आणि ९३ विरुद्ध ६३ मतांनी मिहॉल मार्टिन टीशॉक झाले. वराडकर उपपंतप्रधान झाले.

नव्या सरकारची हजेरीही लवकरच पणाला लागली. १५ सप्टेंबर २०२० ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉनेली यांना बरे वाटेनासे झाले आणि त्यांना चाचणीला पाठवण्यात आले. सकाळी ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसलेले. डॉलचे अध्यक्ष शॉन ओ फॅरिल यांनी जाहीर केले की सगळे मंत्रिमंडळ विलग राहणार, आणि उत्तर द्यायला सरकारच नसल्यामुळे सभागृह पुढच्या मंगळवारपर्यंत तहकूब. मग धावपळ झाली. निकाल येईपर्यंत बाकीच्या मंत्र्यांनी वेगळे राहण्याची गरज नाही असे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कळले आणि त्याच संध्याकाळी सभागृह पुन्हा भरले. डॉनेली यांची चाचणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी सरकारने ‘कोविडसह जगणे’ ही योजना मांडली होती.

मतदान आठवड्यातून एकदा, बुधवारी संध्याकाळी, एकगठ्ठा होऊ लागले. जानेवारी २०२१ च्या लाटेत बैठका पुन्हा कमी झाल्या, आणि नाताळात निर्बंध सैल का केले याची उत्तरे मार्टिन यांना द्यावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये डॉल कायमची आपल्या व्याख्यानगृहात परतली. समित्यांच्या सुरुवातीचे ते वाक्य, सदस्याने आवारातच हजर असले पाहिजे हे, मुखपट्ट्या उतरल्यावरही वाचले जात राहिले.