चष्मा राहू द्या

केसांवरच्या मागच्या उजेडाचं अर्धं राहिलेलं आज पूर्ण करायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण सांगलीहून आलेल्या एका पत्राने माझ्या फार जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातला आहे. पत्रलेखकाच्या वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. दिवाणखान्यात लावायला मोठा फोटो हवा म्हणून त्यांना स्टुडिओत नेलं. फोटोग्राफर म्हणाले, "काका, चष्मा काढा, काचेवर चमक येतेय." काकांनी निमूटपणे काढला. फोटो स्वच्छ आला, फ्रेमही चांगली झाली. घरी आईने तो पाहिला आणि विचारलं, "हे असे कधी दिसतात?" पत्रात पुढे एकच प्रश्न आहे: चष्मा ठेवून फोटो निघाला नसता का?

निघाला असता. पाच-सात मिनिटं जास्त लागली असती, एवढंच.

वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाचा चष्मा उतरवला की नाकाच्या दोन्ही बाजूंचे वळ उघडे पडतात. डोळ्यांभोवतीची कातडी एकदम उघडी-बोडकी वाटते. त्याहून वाईट म्हणजे मोठ्या नंबराच्या माणसाला समोरचं नीट दिसत नाही, मग तो डोळे बारीक करतो, नाहीतर त्याची नजर कुठे टेकतच नाही. पोर्ट्रेटमध्ये नजरच हरवली तर बाकीच्या उजेडाचं काय करायचं? म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी 'चष्मा काढा' म्हणू देत नाही. अपवाद अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोचा. तिथे १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही, आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजींना ते समजावून सांगावं लागतं.

आता मुळाशी जाऊ. चष्म्याच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के उजेड आरशासारखा परत पाठवतो. पुढचा आणि मागचा मिळून ८ टक्के. पातळ दिसावी म्हणून जास्त अपवर्तनांकाची काच घेतली असेल तर आणखी जास्त. ८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते कशाचे आहेत ते पाहा. ते सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्याशुभ्र कापडाचे आहेत, आणि ते कापड चेहऱ्याच्या कातडीपेक्षा कितीतरी पटींनी उजळ असतं. त्यामुळे त्याचं आठ टक्क्यांचं प्रतिबिंबसुद्धा डोळ्यापेक्षा उजळ भरतं आणि डोळा झाकला जातो.

मात्र हा उजेड चारही दिशांना उधळत नाही. कॅरमचा स्ट्रायकर कडेला ज्या कोनात आपटतो त्याच कोनात उलट्या बाजूला निघतो, तसाच तो एका ठरलेल्या दिशेने जातो. कॅमेरा त्या दिशेत नसेल तर काच पूर्ण पारदर्शक दिसते. म्हणजे चमक घालवायची नसते, ती कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला करायची असते. एवढं एक मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं हातानेच सुचतं.

गिऱ्हाईक बसलं, मॉडेलिंग लॅम्प लावला, की आपला डोळा कॅमेऱ्याच्या जागी ठेवायचा आणि सहायकाला मुख्य लाइट, म्हणजे 'की लाइट', सावकाश वर न्यायला सांगायचं. चष्म्याच्या काचेचा पुढचा भाग बहिर्गोल असतो, त्यामुळे लाइट वर जाईल तसा काचेतला पांढरा चौकोनही वर सरकतो आणि एका क्षणी फ्रेमच्या वरच्या कडेआड जातो. तिथे स्टँड घट्ट करायचा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

पुष्कळदा संपत नाही, कारण लाइट इतका वर गेला की भुवयांची आणि फ्रेमच्या वरच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते. आजकालच्या जाड काळ्या फ्रेमा तर पापणीवर सरळ पट्टा ओढतात. एक दुखणं जाऊन दुसरं आलं. अशा वेळी लाइट थोडा खाली घ्यावा आणि चष्म्याला हात लावावा. चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचलायच्या, म्हणजे काच खालच्या बाजूला कलते. समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दांडी खाली बसू नये म्हणून कानामागे कापसाची किंवा टिश्यू पेपरची बारीक घडी ठेवायची. काच ५ अंशांनी कलली की परत फिरणारा उजेड १० अंशांनी सरकतो. हे दुप्पट सरकणं आपल्या फार कामाचं आहे: काच अगदी थोडी हलते, चमक मात्र बरीच दूर जाते. हनुवटी किंचित खाली घेतल्यानेही तेच साधतं, पण त्याने गळ्याच्या वळ्या वाढतात, म्हणून मी आधी दांडीकडे वळतो. दुसऱ्याच्या चष्म्याला हात लावण्यापूर्वी विचारावं, आणि बाई असतील तर त्यांनाच उचलायला सांगावं, हे वेगळं सांगायला नको.

यात एक खोच आहे आणि ती अनुभवी माणसांनाही चकवते. काच खाली कलली की वरचा लाइट सुटतो, पण खालचं सगळं तिच्यात येतं. हनुवटीखालची सावली भरायला मांडीवर थर्माकोल धरलेला असतो, तो काचेच्या खालच्या कडेला पांढरी पट्टी होऊन दिसतो. थर्माकोल काढला तरी पट्टी जात नाही तेव्हा गिऱ्हाइकाच्या कपड्यांकडे पाहा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, एवढंच काय, स्टुडिओतली पांढरी फरशीसुद्धा चमकते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या चौकटीत न येईल असं काळं कापड मांडीवर पसरायचं आणि सावली भरायचं काम कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर, वरच्या अंगाला मारलेल्या उजेडाकडे द्यायचं. हे काळं कापड माझ्या स्टुडिओत सॉफ्टबॉक्सइतकंच महत्त्वाचं आहे.

कॅमेरा खाली घेण्याचा मोह टाळावा. लाइट वर असताना काचेवरून परतणारा उजेड खालीच जातो, आणि कॅमेरा खाली नेला की तो आपणहून त्याच्या वाटेत जाऊन बसतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याहून चार बोटं वर ठेवा.

दोन वाचकांनी मागे सुचवलं होतं की पोलरायझर फिल्टर लावला की झालं. होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने पुसलं जातं ते उजेड काचेवर सुमारे ५६ अंशांच्या तिरक्या कोनात पडतो तेव्हा. दुकानाच्या शोकेसचा तिरका फोटो काढताना तो म्हणूनच जादू करतो. पोर्ट्रेटमध्ये चष्म्यावरची चमक बहुतेक वेळा १५-२० अंशांतली असते. तिथे परतणारा उजेड जवळजवळ साधाच असतो, त्यामुळे फिल्टर तो निवडून अडवू शकत नाही. वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो तो वेगळाच. लाइटवरही पोलरायझिंग शीट लावून लेन्सवरचा फिल्टर त्याच्याशी काटकोनात फिरवला तर मात्र चमक खरोखर नाहीशी होते. पण त्याबरोबर कातडीवरची नैसर्गिक झाक जाते आणि डोळ्यातला कॅचलाइटही जातो. चष्मा वाचवून डोळा मारायचा हा सौदा मला कधीच पटला नाही.

कॅचलाइटचा विषय निघालाच आहे तर त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट सांगतो. कॅचलाइट म्हणजेही चमकच: बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, पडलेलं त्याच लाइटचं प्रतिबिंब. एकाच लाइटचं एक प्रतिबिंब आपल्याला हवं असतं आणि त्याच्यापुढे बोटभर अंतरावरचं दुसरं नको असतं. दोन्ही एकदम साधतं ते वक्रतेमुळे. कॉर्नियाची त्रिज्या जेमतेम ८ मिलिमीटर असते, इतका तो गोल. समोरचं जवळजवळ सगळं जग त्याच्यात मावतं. लाइट बराच वर नेला तरी तो तिथे दिसत राहतो. चष्म्याच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या त्याच्या दहापट किंवा जास्त असते, म्हणजे काच त्या मानाने सपाट, तिच्यात थोडंच दिसतं. आपला लाइट काचेला दिसू नये आणि बुबुळाला दिसावा, एवढी फट निसर्गाने आपल्यासाठी ठेवली आहे. त्या फटीत लाइट बसला की चष्म्यामागचा डोळा जो लखलखतो, तो बघायला मी आजही तितक्याच उत्सुकतेने कॅमेऱ्यामागे वाकतो.

नंबरानेही फरक पडतो. मोठ्या उणे नंबराच्या काचेचा पुढचा भाग जवळजवळ सपाट असतो. ती थोड्या कोनांत चमकते, पण चमकली की अख्खी पांढरी होते. तिचा मागचा भाग खोलगट, तो स्वतःचं वेगळं, छोटं प्रतिबिंब देतो. म्हणून कधीकधी एक चमक सरकते आणि दुसरी जागची हलत नाही. अधिक नंबराची फुगीर काच बऱ्याच कोनांतून काही ना काही पकडते, पण ठिपका लहान असतो. उणे नंबरवाल्यांचा चेहरा फार वळवू नये, कारण काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकते आणि चेहरा कापल्यासारखा दिसतो. त्यांना सरळ बसवा आणि लाइट बाजूला न्या.

चष्म्याला अँटिग्लेअर लेप असेल तर काम निम्मं होतं. भिंगांवर असा लेप चढवण्याची रीत १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढली, ती कॅमेऱ्याच्या आणि दुर्बिणीच्या भिंगांसाठी. चष्म्यापर्यंत ती बरीच नंतर पोचली. लेप असला की ४ टक्क्यांचे एकाहून कमी होतात, मात्र उरलेली चमक हिरवट किंवा जांभळट असते आणि गोऱ्या चेहऱ्यापेक्षा सावळ्या चेहऱ्यावर जास्त डोळ्यात भरते.

फिल्मच्या काळात ही सगळी खटपट लाइट लावतानाच करावी लागे, कारण नंतर सुटका नव्हती. निगेटिव्हवर चमक म्हणजे दाट काळा डाग. रिटचिंगची पेन्सिल दाटपणा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. तो डाग पात्याच्या टोकाने खरवडावा लागे, आणि खरवडून त्याखालचा डोळा काही परत येत नसे. म्हणून काही स्टुडिओंत बिनकाचेच्या फ्रेमा ठेवलेल्या असत. आजही गिऱ्हाइकाच्याच फ्रेमच्या काचा चष्मेवाल्याकडून तेवढ्यापुरत्या काढून आणता येतात, छोट्या नंबराला ते खपतंही. पण उणे आठच्या माणसाचे डोळे घरच्यांनी कायम काचेमागे बारीक पाहिलेले असतात. काच काढली की डोळे मोठे दिसतात आणि सांगलीच्या पत्रातल्या आईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चष्म्यासह एक आणि चष्म्याविना एक असे दोन फोटो काढून संगणकावर डोळे बदलण्याबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही, कारण त्या दोन फोटोंतली नजर एक नसते.

चष्मा आणि उजेड यांचं जमलेलं पाहायचं असेल तर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात काढलेला गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो समोर घ्या. त्यांना फक्त तीन फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी होती. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केलं. इतक्या तंगीत काचेवरच्या चमकेचा विचार करायला सवड कुठली! पण गांधीजींची मान हातातल्या कागदावर झुकलेली आहे, काच खाली कललेली आहे. दांडी उचलून आपण जे करतो ते तिथे वाचणाऱ्या माणसाच्या बैठकीने केलं. वाचणाऱ्या, शिवणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा फोटो काढताना चष्मा त्रास देत नाही तो याच कारणाने. अवघड गिऱ्हाइकाच्या हातात मी म्हणूनच खुशाल वर्तमानपत्र देतो.

ग्रुप फोटोचं थोडक्यात. दहा माणसांत सहा चष्मे, प्रत्येकाची मान निराळी. तिथे एकेक दांडी उचलत बसू नका. लाइट आहे त्याहून उंच न्या, शक्य असेल तर कॅमेऱ्यामागच्या छताच्या कोपऱ्यात मारा. चष्मेवाल्यांना टोकांना न बसवता मधे घ्या, कारण टोकाची माणसं आत वळून बसतात आणि दुसऱ्या बाजूचा लाइट बरोबर पकडतात. समोरच्या खिडकीचा पडदा ओढा, खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा.

सांगलीच्या पत्रलेखकांना एवढंच सुचवीन: काकांना पुन्हा घेऊन जा, त्याच स्टुडिओत गेलात तरी चालेल, आणि सकाळचं वर्तमानपत्र बरोबर न्या. पुढच्या आठवड्यात केसांवरचा मागचा उजेड नक्की, आणि टक्कल असलेल्यांचं काय करायचं हे विचारणाऱ्या तिन्ही पत्रांना त्यातच उत्तर देतो.