आपले संकेतस्थळ लोकांना सापडते का?

गावच्या शाळेने किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेने संकेतस्थळ काढावे, त्यावर प्रवेशाच्या तारखा, बियाण्यांचे भाव द्यावेत आणि ज्याला गरज आहे त्याच्या नजरेस मात्र ते पडूच नये! आडरानात दुकान मांडून पाटी न लावण्यातलाच हा प्रकार. मग करावे काय?

आधी शोधयंत्र कसे चालते ते पाहू. गूगल, बिंग यांचे संगणक एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर वाचतात आणि त्याची सूची करून ठेवतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच. सूचीत पानच नसेल, तर ते सापडणार कोठून?

ते सूचीत आहे की नाही, हे 'गूगल सर्च कन्सोल' सांगते. त्याला पैसे पडत नाहीत. संकेतस्थळ आपलेच आहे एवढे सिद्ध केले, की कोणती पाने सूचीत आली, कोणती राहिली व का राहिली, हे ते दाखवते. लोक कोणते शब्द विचारून आपल्यापर्यंत आले, हेही त्यातून कळते. 'बिंग वेबमास्टर टूल्स' हे तसेच दुसरे साधन. दोन्हीकडे 'साइटमॅप', म्हणजे आपल्या पानांची यादी, देता येते. पान मोबाइलवर किती लवकर उघडते, हे 'पेजस्पीड इनसाइट्स' मोजून देते. लोक 'भाव' म्हणून शोधतात की 'दर' म्हणून, याची तुलना 'गूगल ट्रेंड्स'वर करावी.

पण मराठी मजकुराची खरी मेख निराळीच आहे, बरं का! जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेले आपल्याला देवनागरी दिसते. यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी वाटते. सूचनेचे छायाचित्र चढवले, तर त्यातली अक्षरे यंत्राला वाचता येतीलच असे नाही. परीक्षा सोपी आहे. पानावरची एक ओळ उचलून शोधाच्या चौकटीत डकवा. देवनागरी उमटली तर ठीक; अगम्य अक्षरे आली किंवा ओळ उचलताच आली नाही, तर मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहून घ्या. पानाला 'मुख्यपृष्ठ' एवढेच शीर्षक नको. शाळेचे, गावाचे, तालुक्याचे नाव त्यात हवे.

पैसे घेऊन पहिला क्रमांक मिळवून देतो म्हणणारे भेटतील. तशी हमी कोणालाच देता येत नाही, असे गूगलच सांगते. साधने उणीव दाखवतात. ती भरून काढणारा स्वच्छ, उपयोगी मजकूर आपणच लिहायला हवा.