मेंदूवरची औषधं (भाग ७) : फिटची गोळी आणि लग्नाचं वय

झोपेच्या गोळ्यांबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं. त्या घेतल्या की गुण रात्रीच कळतो. फिटच्या गोळीचं तसं नाही. न आलेली फिट कुणाला दिसणार? दिसतात ते गोळीचे त्रास. त्यामुळे वर्षभर बरं चाललेलं असतानाच ‘आता कशाला’ म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ भेटतात. त्यातच आपल्याकडे अजून फिट आली की नाकाशी कांदा नाही तर चप्पल धरतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, आणि गुण आला तो चपलेचा असं घरच्यांना वाटतं.

आज फेनिटॉइनबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही गोळी जुनी, स्वस्त आणि अजूनही खूप घरांत आहे. १९३८ साली अमेरिकेत बॉस्टन इथे मेरिट आणि पुटनम या दोघांनी तिचा उपयोग दाखवून दिला. तोवर मुख्य भिस्त ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटोनवर होती, आणि दोन्हींनी रुग्ण दिवसभर पेंगत असे. फेनिटॉइनने झोप न आणता फिट आवरता येते हे पहिल्यांदा सिद्ध केलं. मेंदूतल्या पेशी सोडियमच्या सूक्ष्म वाटा उघडून एकमेकींना संदेश देतात. फिट येते तेव्हा पेशींचा एक मोठा गट थांबायचं नाव न घेता एकदमच संदेश सोडू लागतो. फेनिटॉइन त्या वाटा लगेच पुन्हा उघडू देत नाही. नेहमीचं काम चालू राहतं, अतिरेक तेवढा अडतो.

मात्र या गोळीचा हिशोब सरळ नाही. यकृत ती ठरावीक वेगानेच निकामी करू शकतं. ती मर्यादा गाठली की ३०० मिलिग्रॅमचे ४०० केल्यावर रक्तातली पातळी थोडी वाढून थांबत नाही, दुप्पटही होऊ शकते. मग माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, समोरची वस्तू दोन दिसते. डॉक्टर बोट डावी-उजवीकडे फिरवून त्याकडे बघायला सांगतात, तेव्हा बुबुळं थरथरताना दिसतात. गावाकडे अशा माणसाला ‘पिऊन आला’ म्हणतात, हे फार वाईट वाटतं. क्षयरोगाची औषधं सुरू झाली तरी हिशोब बदलतो: आयसोनियाझिड ही पातळी चढवतं, रिफाम्पिसिन उतरवतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात.

आता चेहरा. फेनिटॉइन बरीच वर्षं घेतली की हिरड्या वाढतात, कधी इतक्या की दातांचा अर्धा भाग झाकला जातो. रोज दोनदा नीट ब्रश केला तर वाढ कमी राहते. शिवाय गालांवर, हातांवर लव दाट होते. पंचविशीच्या मुलीच्या आईला ही तक्रार फिटपेक्षा मोठी वाटते, आणि ते समजण्यासारखं आहे. ‘डॉक्टर, स्थळं येतायत, गोळी बंद करू का?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. याला उत्तर आहे: औषध बदलता येतं. पण ते हळूहळू, जुनं उतरवत आणि नवं चढवत. एकाएकी बंद केलं तर फिटमागून फिट येऊन माणूस शुद्धीवरच येत नाही, आणि त्यात जीव जातो. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठावा.

वारंवार फिट येणं हे हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत लग्नाला अडथळा मानलं जाई. त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि तो उल्लेख गेला. घरांतून तो तितक्या सहज गेलेला नाही. आजार लपवून लग्न होतं, सासरी गोळी कुणी पाहील या धास्तीने मुलगी ती माहेरीच ठेवते. जागरणं, उपास आणि बंद गोळी हे तिन्ही लग्नाच्या त्याच आठवड्यात एकत्र येतात.

लग्नानंतरचं एक औषध वेगळं सांगायला हवं: व्हॅल्प्रोएट. फिटवर उत्तम, पण गरोदरपणी घेतलं तर दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, त्यात पाठीच्या कण्याचं व्यंगही येतं. मोठेपणी शिकण्या-बोलण्यात मागे पडणारी मुलं याहून जास्त. तरीही दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून गोळी टाकू नये, मोठी फिट आईला आणि बाळाला दोघांना धोक्याची. मूल हवं असेल तर आधीच सांगावं. बऱ्याच जणींना लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिनवर नेता येतं, फॉलिक ॲसिडही आधीपासूनच सुरू करतात. मूल नको असेल तर हेही लक्षात असावं: फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, तांबी बसवून घेणं भरवशाचं. बाळंतपणानंतर यांतल्या बहुतेक औषधांवर असताना अंगावर पाजता येतं.

(पुढच्या आठवड्यात : कंपवात आणि लेव्होडोपा)