बांधावरील गिरिपुष्प

सिंधुदुर्गनगरी (ओरोस) परिसरातील भरड जमीन जांभ्या दगडापासून बनलेली, आम्लधर्मी व उथळ आहे. वर्षाचा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस तिच्यातील चुना व नत्र धुऊन नेतो. गोठ्यातील शेणखत ही तूट काही अंशी भरून काढते. परंतु ज्याच्या दारी गुरे उरली नाहीत, अशा दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याने खत आणावे कोठून? कवळ तोडून तरव्याची जमीन भाजण्याची वहिवाट आहे. पण भाजताना पाल्यातील बहुतेक नत्र हवेत निघून जाते.

अशा शेतकऱ्यास गिरिपुष्प उपयोगी पडते. मूळचे मध्य अमेरिकेतील हे शेंगवर्गीय झाड मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र घेते. मनगटाएवढी जाड फांदी मृगाच्या पावसात बांधावर रोवली की ती जगते. रोप विकत घ्यावे लागत नाही. पहिले वर्ष झाड वाढू द्यावे. पुढे दरवर्षी कमरेच्या उंचीवर छाटून कोवळा पाला चिखलणीत गाडावा. तो लवकर कुजतो. छाटणी चुकल्यास भातावर सावली पडते, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. याच झाडास उंदीरमारी असेही म्हणतात, कारण त्याचे बी व साल उंदरांस विषारी असते.

पाल्याने स्फुरदाची उणीव मात्र भागत नाही. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मातीचे नमुने तपासणीस पाठविण्यास साहाय्य करावे.