ॲरोवाना विकायचाय? आधी कागद पाहा, मग मासा!



अमरावतीच्या एका बॅचमध्ये अकोल्याचा एक पोरगा आला होता. छोटं ॲक्वेरियमचं दुकान. गप्पी, गोल्डफिश, काचेच्या टाक्या, खाद्य, असा चालू धंदा. एक दिवस मोठी पार्टी आली. नव्या बंगल्यात वास्तूसाठी लाल ॲरोवाना पाहिजे, म्हणून वीस हजार ॲडव्हान्स काउंटरवर ठेवला. व्हॉट्सॲपवरच्या सप्लायरनं लगेच फोटो टाकले. "भाऊ, माल मुंबईत तयार आहे. चिप आहे, सर्टिफिकेट आहे. रातच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो."

पोरानं मला विचारलं, "सर, काहून घाबरायचं? मासाच तर आहे!"

घाबरू नका, पण आधी कायदा समजून घ्या.

हा मासा वेगळा का?

लाल, सोनेरी, हिरवा असे जे आशियाई ॲरोवाना येतात, ते आग्नेय आशियातले. संकटातल्या प्राण्यांच्या व्यापारावर 'साइट्स' नावाचा जागतिक करार आहे. हा मासा 1975 पासून त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. जंगलातून पकडलेल्या माशाचा धंदा बंद. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातल्या नोंदणीकृत फार्ममध्ये पैदास केलेले मासेच परवान्यानं बाहेर जातात. प्रत्येकाच्या अंगात मायक्रोचिप असते आणि चिपचा नंबर सर्टिफिकेटवर असतो.

दुकानात 'ॲरोवाना' म्हणून दिसणारा चंदेरी मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. तो वेगळ्या जातीचा आहे आणि साइट्सच्या यादीत नाही. म्हणून बिलावर नुसतं 'ॲरोवाना' लिहू नका, जातीचं पूर्ण नाव लिहा.

आपल्या देशात काय बदललं?

पूर्वी लोक म्हणायचे, "परदेशी प्राण्याला आपला कायदा लागत नाही." आता तसं राहिलं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतल्या जाती आता या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये आहेत.

त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची. जुन्या मालकांना सहा महिने दिले होते. आता नवीन प्राणी हातात आला की 30 दिवसांत नोंद. नोंद राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे होते आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवावं लागतं. अशा जातीची पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो.

म्हणजे नियम दुकानदारालाही आहे आणि बंगल्यातल्या मालकालाही. तुम्ही विकून मोकळे होता, पण गिऱ्हाइकाच्या दारात वनखात्याची गाडी आली तर पहिलं नाव तुमचंच निघणार.

आयात केलेल्या माशाचे कागद कोणते?

1. ज्या देशातून आला, तिथला साइट्सचा निर्यात परवाना.
2. पहिल्या परिशिष्टातला असेल तर भारताचा आयात परवानाही.
3. केंद्राच्या पशुसंवर्धन-मत्स्य यंत्रणेचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट. माशासोबत रोग येऊ नये म्हणून हा लागतो.
4. निर्यातदार देशाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि इथली क्वारंटाइनची नोंद.
5. कस्टमची बिल ऑफ एंट्री.
6. विकणाऱ्याच्या नावावरची परिवेशची नोंद.

नुसतं रंगीत छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे फक्त फार्मची ओळख. त्यावरून मासा भारतात कायदेशीर आला हे सिद्ध होत नाही. आपल्या पोराची तिथंच फसगत होणार होती.

फक्त ॲरोवानाच नाही

दुकानदार नकळत अडकतात ते या गोष्टींत:

- समुद्री घोडा: 2001 पासून अनुसूची एकमध्ये. जिवंत असो की वाळवलेला, विकायचा नाही.
- प्रवाळ: टाकीत सजावटीला ठेवतात ते खरं कोरल. मेलेलं असलं तरी चालत नाही. प्लास्टिकचं ठेवा.
- कासव: वास्तूसाठी मागतात, पण स्टार कासवासह आपली देशी कासवं विकणं गुन्हा आहे.
- मिस केरळ: पश्चिम घाटातला लाल पट्ट्याचा मासा. 2022 च्या दुरुस्तीत तोही संरक्षित यादीत आला.
- झेब्रा प्लेको, अरापायमा, काही गोड्या पाण्यातले स्टिंगरे: साइट्सच्या यादीत आहेत.

शिक्षा किती?

साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकमधल्या प्राण्याचा गुन्हा असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वरून दंड. एका माशाच्या कमिशनसाठी हा धोका परवडतो का, तुम्हीच हिशोब करा.

मग धंदा कशात आहे?

गप्पी, मॉली, गोल्डफिश, कोई, फायटर. यांना वन्यजीव कायद्याची ही भानगड नाही आणि पैदास घरच्या मागच्या अंगणात होते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटचा खर्च तीन लाख धरला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. म्हणजे तीन लाखांवर एक लाख वीस हजार किंवा एक लाख ऐंशी हजार. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा आणि सध्या अर्ज सुरू आहेत का ते आधी विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 वर जातो, म्हणून शेड, पाणी आणि इन्व्हर्टरचा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नक्की धरा.

त्या पोरानं सप्लायरला सहाही कागद मागितले. दोन दिवस "पाठवतो भाऊ" झालं, मग नंबर ब्लॉक. पोरानं ॲडव्हान्स परत केला. पार्टी नाराज झाली आणि गेली. नुकसान झालं, हे खरंच. पण दुकानाचं शटर आजही रोज सकाळी उघडतं.

तुम्हीही आजच एक काम करा. सप्लायरच्या यादीतल्या प्रत्येक माशापुढं त्याचं शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि ते अनुसूचीत शोधा. शंका आली तर माल मागवण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. आणि उत्तराचा कागद जपून ठेवा!