मायनस सत्तावीसच्या अलीकडे

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या चार मजली इमारतींमध्ये इंटरनेट जमिनीखालून येत नाही, गच्चीवरून येतं. पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेली काळी केबल रस्ता ओलांडून समोरच्या गच्चीवर उतरते, पाण्याच्या टाकीला वळसा घालते आणि तिसऱ्या इमारतीकडे निघते. रस्ता खणायचा म्हणजे महापालिकेची परवानगी, शुल्क आणि डांबरीकरणाचा खर्च आला. छोट्या इंटरनेटवाल्याला ते परवडत नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या ऑफिसला एक कनेक्शन फुकट दिलं की गच्ची मिळते. कागदावर कुठेही नसलेला हा करार बरीच वर्षं सुखाने चालला. आता मात्र या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जाऊ लागल्या आहेत, आणि पाडलेल्या इमारतीबरोबर तिच्या गच्चीवरून जाणारा रस्ताही जातो.

जुलैच्या भर पावसात मी अशाच एका स्थानिक कंपनीच्या लाइनमनबरोबर फिरत होतो. वय तिशीच्या आतलं, शिक्षण आयटीआय, पाठीवर सॅक, स्कूटरच्या पायाशी केबलची गुंडाळी. गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये त्याचा नंबर 'नेटवाला' या नावाने आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा: आत एक रॅक, इन्व्हर्टर, एसी आणि एक स्क्रीन. लाइनमनचा दिवस या स्क्रीनपासून सुरू होतो. कोणाचं घर बंद आहे हे तिथे दिसतंच, पण का बंद आहे याचाही अंदाज येतो. घरातली वीज गेली तर राउटरशेजारचा डबा, म्हणजे ओएनयू, बंद पडता पडता एक शेवटचा संदेश पाठवतो. त्याला 'डाइंग गॅस्प'च म्हणतात. तो संदेश आला असेल तर प्रश्न महावितरणचा. तो न येताच घर गप्प झालं असेल तर वायर तुटलीय. आठ घरं एकदम गेली असतील तर जिन्यातला स्प्लिटर बघायचा, साठेक गेली तर गच्ची गाठायची. तक्रारीचा पहिला फोन येण्याआधीच एवढं कळलेलं असतं.

पण लाइनमन स्क्रीनवर बघतो ते बंद घरांचे लाल ठिपके नाहीत, तर चालू घरांपुढचे आकडे. मायनस १९, मायनस २१, मायनस २०. हे फायबरमधून घरात पोचणाऱ्या उजेडाचं माप आहे, डेसिबलमधलं. ऑफिसातून उजेड साधारण अधिक चारने निघतो. वाटेत स्प्लिटरमध्ये तो आधी आठ वाटांत आणि मग प्रत्येक वाट पुन्हा आठांत वाटली जाते, म्हणजे एका धाग्यावर ६४ घरं. तीन डेसिबल उतरले की उजेड निम्मा. मायनस वीस दिसतात त्या घरी मुळातल्या उजेडाचा सुमारे अडीचशेवा हिस्सा पोचलेला असतो आणि तेवढ्यात सिनेमा, शाळा, ऑफिस सगळं चालतं. मायनस सत्तावीसच्या खाली मात्र डब्याला काही दिसत नाही, मग लाल दिवा लागतो.

या गणितातली मेख अशी की मायनस १९ आणि मायनस २५ या दोन घरांतल्या माणसांना काहीच फरक कळत नाही. दोघांचा स्पीड तोच. एखाद्या जॉइंटमध्ये ओल शिरते, कनेक्टरच्या तोंडावर धूळ बसते, कोणीतरी सोफा भिंतीला लावताना वायर दुमडते, आणि आकडा एकेक पायरी खाली येतो. सत्तावीस ओलांडेपर्यंत घर मजेत असतं. मग ऐन मॅचच्या रात्री सगळं बंद. गिऱ्हाइकाच्या लेखी सेवा त्या रात्री बिघडली. लाइनमनच्या लेखी ती तीन आठवड्यांपूर्वीच बिघडायला लागली होती. म्हणून तो पंचविशीच्या पुढे गेलेल्या घरांची एक यादी ठेवतो. ती ठेवायला त्याला कोणी सांगितलेलं नाही आणि तिचे वेगळे पैसेही मिळत नाहीत.

पहिली तक्रार 'स्पीड नाही'ची होती. अशा तक्रारींत फायबरचा दोष क्वचितच निघतो. इथेही आकडा उत्तम, मायनस १८. राउटर चपलांच्या कपाटात, दार बंद करून ठेवलेला, कारण हॉलमध्ये तो चांगला दिसत नाही. लाइनमनने आपला लॅपटॉप वायरने जोडून पूर्ण स्पीड दाखवला, मग राउटर कपाटावर ठेवला आणि आतल्या खोलीतला मोबाइल जास्त वेगाच्या पण भिंतीत अडकणाऱ्या पाच गिगाहर्ट्झवरून दोन पूर्णांक चारवर आणला. घरातल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे बिघाड नव्हताच?" तो म्हणाला, "होता ना काकू, चपलांचा होता." त्या हसल्या. कॉल सेंटरवर हाच संवाद 'राउटर बंद करून चालू करा'पाशी दोनदा अडला असता.

दुपारी खरं काम आलं. एका इमारतीचं पाडकाम सुरू झालं होतं आणि बिल्डरच्या माणसांनी गच्चीवरच्या सगळ्या केबली कटरने तोडून खाली टाकल्या होत्या. दोन गल्ल्या बंद. तुटलेली केबल जोडणं पुढचं काम, आधी तिला नवा रस्ता हवा होता. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका जिन्यातच उभे.

"आत्ताच वॉटरप्रूफिंग केलंय. गळती लागली तर तू येणारेस का बघायला?"

"काका, भोक नाही पाडत. टाकीच्या पाइपाला टाय मारतो नुसता."

"आधीच तीन कंपन्यांच्या वायरी आहेत. जिन्याचं काय झालंय बघ."

खरोखरच जिन्याचं वाईट झालं होतं. बंद झालेल्या कनेक्शनच्या वायरी कोणी काढत नाही, नवीन मात्र प्रत्येक जण टाकतो. परवानगी मिळाली ती लोंबत्या मेलेल्या वायरी उतरवून देण्याच्या बोलीवर.

मग गच्चीवर छत्रीखाली स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेले धागे जोडणं. छत्री माणसावर नव्हती, मशीनवर होती, कारण ते मशीन एका मोटारसायकलच्या किमतीचं. केबलच्या आत बारा रंगांचे बारा धागे: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. क्रम ठरलेला, पण ढगाळ उजेडात पांढरा-राखाडी आणि निळा-आकाशी एकमेकांचे जुळे होतात. चुकीची जोड झाली तर एका गल्लीचा उजेड दुसऱ्या गल्लीत जातो आणि रात्रभर शोधत बसावं लागतं. प्रत्येक धाग्याचं रंगीत आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं. आतली काच १२५ मायक्रॉनची आणि उजेड ज्यातून जातो तो गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, थोडी हलून आपापली जागा शोधतात, ठिणगी पडते आणि आकडा उमटतो: ०.०२. म्हणजे जोडात उजेड जवळजवळ वाया गेलाच नाही. मग जोडावर स्लीव्ह सरकवून ती तापवायची, म्हणजे घट्ट बसते. काचेचे तुकडे तो चिकटपट्टीवर गोळा करत होता. एखादा बोटात शिरला तर दिसतही नाही आणि निघतही नाही.

चौथ्या-पाचव्या धाग्यावर असताना एका मोठ्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा वर आला. त्यांचीही केबल तिथेच तुटली होती. डोंबिवलीतल्या स्पर्धेचं चित्र असं: बिलं वेगळी, जाहिराती वेगळ्या, तारा मात्र एकाच खांबाला. 'एक बंद पडलं तर दुसरं असावं' म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शनं घेणाऱ्यांनी आपल्या दोन्ही वायरी एकाच गच्चीवरून येतात का, हे एकदा वर जाऊन बघावं. त्या मुलाची स्प्लायसिंगची टीम वेगळी होती आणि ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. त्याने विचारलं, "दोन कोअर मारून देतोस का?" आमच्याने आपले बारा धागे झाल्यावर मारून दिले. बदल्यात स्लीव्हचं एक पाकीट मिळालं. दोघांच्या मालकांना याचा पत्ता नसावा.

दराची लढाई तशी केव्हाच संपली. सप्टेंबर २०१९मध्ये जिओ फायबर दरमहा ६९९ रुपयांपासून सुरू झालं, वर्षभरात ३९९चा प्लॅन आला, एअरटेलनेही ४९९चा काढला. गल्लीतल्या इंटरनेटवाल्याला त्याच्या आसपास उतरावंच लागलं. आपल्याला स्वस्त आणि वेगवान नेट मिळालं ते या स्पर्धेमुळे, हे मान्यच करायला हवं. पण त्या दरात कुठेतरी कपात झाली ती माणसात. मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ बरेचदा कंत्राटदाराचे असतात. तक्रार बंद करायच्या वेळी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कोड येतो, तो सांगितल्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत. त्यामुळे 'आधी कोड द्या, मग बघतो' हा एक नवाच व्यवहार उभा राहिला आहे.

नियम नाहीत असं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६च्या नियमांत नव्वद टक्क्यांहून जास्त बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, असं होतं. ऑक्टोबर २०२४पासून नवे नियम आले, दंडाची कमाल रक्कम १० लाखांवर गेली. घरच्या लाइनचा बिघाड तीन दिवसांपुढे रेंगाळला तर भरपाईची तरतूद आहे. त्या दिवशी भेटलेल्या एकाही गिऱ्हाइकाला हे माहीत नव्हतं. आणि हे सगळं मोजमाप तक्रारीपासून सुरू होतं. तक्रार येऊच नये म्हणून केलेलं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही.

स्थानिक इंटरनेटवाल्यांचं कौतुक करताना थोडं जपूनच करावं. त्यांच्याकडे तक्रार नोंदवली जात नाही, फोनवर सांगितली जाते. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. सेक्रेटरी काकांकडचा लाल दिवा तासाभरात हिरवा होतो, तळमजल्यावरच्या भाडेकरूचा दुसऱ्या दिवशी. लाइनमन गावी गेला की सेवा गावी जाते. मी विचारलं तेव्हा त्याने ते नाकारलं नाही. "ज्याचं रोज तोंड बघायचं त्याचं आधी होतंच ना," एवढंच म्हणाला. मला यातला मोकळेपणा आवडला, न्याय नाही आवडला.

संध्याकाळी दोन्ही गल्ल्या चालू झाल्या. फोन मात्र थांबले नाहीत, आता प्रश्न पैशांचा होता. एका आजोबांनी अर्ध्या दिवसाचा हिशेब मागितला. लाइनमनने फोनवरूनच त्यांच्या प्लॅनची तारीख एका दिवसाने पुढे ढकलली आणि तसं कळवलं. आजोबांनी विचारलं, "मग उरलेला अर्धा दिवस परत कापून घेणार का?"

घरी जायच्या आधी त्याला यादीतलं एक घर करायचं होतं. आदल्या आठवड्यात मायनस २४, आज २५.८. पाऊस असाच राहिला तर दोन-चार दिवसांत बंद पडणार. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. आतून नेटवरच चालू असलेल्या मालिकेचा आवाज येत होता.

"कोण?"

"नेटवाला, वहिनी. लाइन चेक करायचीय."

दार साखळीपुरतं उघडलं. "आम्ही कुठे तक्रार केलीय? आमचं मस्त चालू आहे."

"चालू आहे, पण पॉवर कमी होतेय. पाच मिनिटं लागतील, कनेक्टर बदलतो."

"चालू असलेल्याला कशाला हात लावता? पाहुणे आलेत, रविवारी या."

तो 'बरं' म्हणाला. जिन्यातच मोबाइल काढून त्याने यादीत त्या घरापुढे 'रविवार' लिहिलं, आणि उतरता उतरता म्हणाला, "शनिवारी रात्री फोन येणार बघा यांचा."