फुलरीन सी-६०: प्रकाश अडवणारा रेणू

कार्बनच्या ६० अणूंनी बनलेला पोकळ गोल रेणू म्हणजे फुलरीन सी-६०. १२ पंचकोन आणि २० षटकोनांची त्याची जडण फुटबॉलसारखी असते. व्यास मात्र जेमतेम ०.७ नॅनोमीटर. १९८५ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांनी तो शोधला. या शोधाबद्दल तिघांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये क्रेचमर आणि हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइटची वाफ करून तो पुरेशा प्रमाणात मिळवला आणि त्याचे प्रकाशीय गुण तपासणे शक्य झाले.

टोल्युइनमध्ये विरघळवलेला सी-६० जांभळा दिसतो. अतिनील किरण तो जोमाने शोषतो, दृश्य प्रकाश बेताचाच. पण याच द्रावणावर ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा प्रखर स्पंद सोडला, की ते अधिक अपारदर्शक होते. प्रकाश शोषलेला रेणू सुमारे एका नॅनोसेकंदात ‘त्रिक’ नावाच्या उत्तेजित अवस्थेत जातो आणि त्या अवस्थेत मूळच्यापेक्षा जास्त प्रकाश शोषतो. स्पंद जितका प्रखर, तितका त्याला अडसर मोठा. टट आणि कोस्ट यांनी १९९२ मध्ये हा गुण मांडला.

डोळ्याच्या रक्षणासाठी तो मोलाचा आहे. डोळ्याचे भिंग लेसरची तीव्रता दृष्टिपटलावर सुमारे एक लाख पटींनी वाढवते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो; लेसरचा स्पंद त्याच्या कितीतरी आधी आत पोहोचतो. म्हणून आपोआप गडद होणारी गाळणी हवी. मात्र तिला एकवटलेला प्रकाश लागतो, त्यामुळे तिची योग्य जागा दुर्बिणीसारख्या उपकरणातील नाभीस्थानी असते. रोजच्या उजेडात त्रिक अवस्थेतले रेणू नगण्य असतात. तिथे सी-६० मिसळलेली चष्म्याची काच साध्या रंगीत काचेसारखीच वागते. तिच्यातून गाळलेल्या प्रकाशाला वेगळी औषधी शक्ती येत नाही.

उपचारातला उपयोग निराळा आहे. त्रिक अवस्थेतला सी-६० आपली ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन आसपासच्या पेशी व जिवाणू मारू शकतो. प्रकाशगतिक उपचाराचा पाया हाच. अडचणी दोन: सी-६० पाण्यात विरघळत नाही, आणि ऊतींत खोल शिरणारा तांबडा प्रकाश तो फारसा शोषत नाही. पहिलीवर पाण्यात मिसळणारे गट जोडून, तर दुसरीवर तांबडा प्रकाश टिपणारे रंगद्रव्य जोडून प्रयोगशाळांत उपाय शोधले जातात.